‘वहिनी, मला नवं औषध मिळेल ना?’

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



इथे तुम्ही मला ‘सिस्टर काकू’ म्हणून ओळखता. बीपी बघायला, इंजेक्शन द्यायला हाक मारता. पण नोकरीतली शेवटची अकरा वर्षं मी वॉर्डात नव्हते. नव्या औषधांच्या चाचण्या, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, चालतात त्या विभागात होते. त्यावर बोला, असं कमिटीने सांगितलं म्हणून उभी आहे.

एप्रिल २०२१ आठवा. आपल्या ग्रुपवर रोज तेच, ‘प्लाझ्मा अर्जंट हवा’. आपल्यातली तीन मुलं रात्री जाऊन प्लाझ्मा देऊन आली. त्यांचं कौतुक मला आजही आहे. पण त्याच्या आधीच, २०२० मध्ये, आयसीएमआरने देशातल्या ३९ रुग्णालयांत मध्यम आजारी असलेल्या ४६४ कोविड रुग्णांवर चाचणी केली होती. साधारण निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि प्लाझ्मा, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. २८ दिवसांत आजार गंभीर झालेले किंवा दगावलेले रुग्ण प्लाझ्माच्या गटात ४४, दुसऱ्या गटात ४१. म्हणजे उपयोग दिसलाच नाही. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा अधिकृत उपचारांतून काढला गेला.

कुणी म्हणेल, ‘आमच्या मामांना दिला आणि ते बरे झाले की!’ झाले ना. पण न देताही झाले असते का? एकट्या मामांकडे बघून ते कळत नाही. त्यासाठी दुसरा गट लागतो.

कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, तिथे ओळखपाळखही चालत नाही. कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो. हे मी शेकडो नातेवाइकांना समजावलं. मग एक दिवस माझ्याच घरी वेळ आली.

माझ्या धाकट्या दिरांना कर्करोग झाला. दुसऱ्या एका रुग्णालयात त्यांना ट्रायलबद्दल विचारलं. सासूबाई म्हणाल्या, ‘माझ्या मुलाचा उंदीर करायचा नाही.’ भाऊजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘वहिनी, मला नवं औषध मिळेल ना?’ अकरा वर्षं पाठ असलेलं उत्तर तोंडातून फुटेना. शेवटी म्हटलं, ‘सांगता येत नाही, भाऊजी. जुनंही मिळेल. आणि नवं चांगलंच असेल असंही नाही, तेच तर बघायचंय.’ एक मात्र सांगू शकले: अशा आजारात उपचार काढून घेऊन नुसती साखरेची गोळी देत नाहीत. चालू उपचाराशीच तुलना होते.

त्या रात्री आम्ही दोघांनी संमतीपत्र ओळ न् ओळ वाचलं. सतरा पानं. पहिल्या टप्प्यात थोड्या लोकांवर औषध कितपत सुरक्षित आहे आणि किती मात्रा झेपते ते बघतात, दुसऱ्यात गुण येतो का, तिसऱ्यात मोठ्या संख्येवर तुलना. त्यांची ट्रायल तिसऱ्या टप्प्याची होती. भाऊजींनी पेन्सिलीने नऊ प्रश्न लिहिले. डॉक्टरांनी सगळ्यांची उत्तरं दिली, मग सही झाली. घाईने सही मागणारा भेटला तर सरळ उठून यायचं, हे माझं स्पष्ट मत आहे.

आठ महिन्यांनी भाऊजी म्हणाले, ‘आता फेऱ्या झेपत नाहीत.’ त्यांनी ट्रायल सोडली. कारण सांगायचीही सक्ती नव्हती, आणि नेहमीचे उपचार चालूच राहिले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. कुठलं औषध मिळालं होतं, ते आम्हाला अजून माहीत नाही. सासूबाई कधी कधी विचारतात. मी गप्प बसते.

कामाचं तेवढं सांगते. २००९ पासून आपल्याकडे प्रत्येक औषध-चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये सक्तीची आहे. ती इंटरनेटवर कुणालाही बघता येते, नातवंडांना सांगा. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद आहे. संमतीपत्राची प्रत घरी आणायचीच. त्यावर नीतिसमितीचा फोन नंबर असतो. या समितीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी आणि आपल्यासारखी साधी माणसंही असतात.

कुणाच्या हातात असा कागद आला तर बी विंगला या. संध्याकाळी सातनंतर, आणि चष्मा घेऊन. अक्षर बारीक असतं.