दान नव्हे, देणे
(सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



आपण गाव सोडून दूर आलो. परंतु गणपतीला परतावयाचे म्हटले, तर गाव जागेवर आहे. ओडिशातील सातभायाची गावे समुद्राने एकामागून एक गिळली. सरकारने तेथील कुटुंबांना बागपतिया येथे वसविले. निवारा मिळाला, पण बुडालेली शेते कोण परत देणार?

सागर चढल्याने होणाऱ्या हानीसाठी विमानिधी असावा व त्याचा भार औद्योगिक राष्ट्रांनी वाहावा, ही मागणी वानुआतू या चिमुकल्या द्वीपराष्ट्राने १९९१ साली मांडली. हानिनिधीचा ठराव शर्म अल शेख येथे झाला तो २०२२ साली. पुढील वर्षी दुबईत तो कार्यान्वित झाला, तेव्हा जगभरातून वचने मिळाली १०० कोटी डॉलरांहूनही कमी. शिवाय या हानीतून नुकसानभरपाईचे दायित्व उद्भवत नाही, असे २०१५ च्या पॅरिस ठरावात नमूद आहेच. म्हणजे जे मिळेल, ते दान!

मात्र जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, कर्तव्यभंग करणाऱ्या राष्ट्राला भरपाई द्यावी लागू शकते, असे मत दिले. ते केवळ सल्ल्याचे असले, तरी मोलाचे आहे.

पूरग्रस्तांसाठी वर्गणी जमविताना आपण हा भेद विसरू नये. दानाने आजची चूल पेटते. घर गमावलेल्याचा मान राखला जातो तो देणे चुकते केल्यानेच.