जीप, ट्रेलर आणि आडोसा

मैत्रिणींनो, सातपुड्यातल्या पाड्यांवर शिबिराला जाताना मुक्कामाचं सगळं बिऱ्हाड फोर-व्हील-ड्राइव्ह जीप आणि तिच्यामागच्या ट्रेलरमधून जातं. सामान बांधायचं बायकांनी आणि गाडी बघायची पुरुषांनी, ही वाटणी इथेही चालत आलीच! म्हणून आज गाडीबद्दल बोलते.

आधी पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो. दहाजणींना दोन दिवस, रोज ५ लिटर धरले तरी १०० किलो झाले. हे कॅन ट्रेलरच्या तळाशी, आसाच्या किंचित पुढे ठेवायचे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडावर पडायला हवा. मागे वजन झालं की ट्रेलर शेपटीसारखा हेलकावतो, जीपलाही ओढतो. जोडाला साखळी हवीच. चिखलात जॅक रुततो, त्याच्याखाली घालायला जाड फळी घ्या. रिव्हर्स घेताना ट्रेलर स्टिअरिंगच्या उलट वळतो. हे मोकळ्या मैदानात प्रत्येकीने स्वतः करून पाहावं, 'भाऊ करतील' म्हणू नये.

यादीत शेवटी येणारी, म्हणून बहुधा राहूनच जाणारी वस्तू म्हणजे आडोशाचा तंबू. चार बांबू, जाड ताडपत्री, फावडं, टॉर्च. तो नसला की बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी तुंबवून धरतात. मग जळजळ, ताप. १०० किलो पाणी वाहून नेलं कशाला? हा तंबू सर्वांत शेवटी चढवा, म्हणजे पोचल्यावर सर्वांत आधी उतरेल.