राखीव सरपंचपद आणि समानता
रोहा तालुक्यातल्या वरसेसारख्या गावात आरक्षण डोळ्यांना दिसते, ते सरपंचपदाच्या सोडतीत. पद राखीव की खुले, हे तिथे ठरते. 24 एप्रिल 1993 पासून लागू झालेल्या 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा दिल्या. रोह्याच्याच जिल्ह्यात, महाडला, 1927 साली दलितांना सार्वजनिक तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. अशा समाजात घटनेच्या कलम 14ची समानता नुसती कागदावर असून भागत नाही. आदिवासी कातकरी वाडीवरची बाई पंचायतीच्या खुर्चीत बसते, ती कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, हक्काने. मर्यादाही आहे: 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गासह एकूण आरक्षण 50 टक्क्यांत बसवण्यास सांगितले.