आईची नोकरी



डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर सकाळी अर्धी माणसं स्टेशन गाठायला धावत असतात आणि अर्धी एमआयडीसीच्या पाळीवर निघालेली असतात. माझ्या आईने कितीतरी वर्षं या धावणाऱ्यांचे डबे भरले, आणि पन्नाशी उलटल्यावर ती स्वतः नोकरीला लागली. एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयात, ग्रंथपाल म्हणून. तिच्या मायेबद्दल मी आज फारसं बोलणार नाही. माया कशी असते ते तुम्ही जाणताच. मला बोलायचंय ते तिच्या कामाबद्दल.

"बरं झालं, तेवढाच वेळ जाईल," असं शेजारी म्हणायचे. आईला याचा मनापासून राग यायचा. पहाटे पाणी भरणं, आजीचं पथ्यपाणी, दुपारच्या शिकवण्या, सोसायटीचं पाणी गेलं की चार बायकांना घेऊन महापालिकेच्या कचेरीत जाणं, हे सगळं तिच्याकडेच होतं. तिला काम हवं होतं, आणि ते नीट शिकून करायचं होतं.

म्हणून ती ग्रंथपालनाच्या प्रमाणपत्र वर्गाला बसली. वर्गात सगळी विशी-बाविशीची मुलं. मेल्विल ड्यूई यांनी 1876 साली मांडलेलं दशांश वर्गीकरण तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवलं आणि ओट्यासमोर चिकटवलं. 641.5 पाककला, 891.46 मराठी साहित्य. पोळ्या लाटता लाटता आकडे पाठ. चुकली की आम्हा भावंडांपैकी कोणीतरी हसायचं, मग पुन्हा पहिल्यापासून.

डॉ. रंगनाथन यांच्यावर तिची विशेष भक्ती. ते गणिताचे अध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला चौथा तिला फार प्रिय होता: वाचकाचा वेळ वाचवा. पाळी संपवून आलेल्या माणसाचे पाय दुखत असतात, त्याला या कपाटापासून त्या कपाटापर्यंत हिंडवायचं नाही, असा तिने त्याचा अर्थ लावला होता. मला वाटतं, रंगनाथनांना तो पटला असता.

ग्रंथपाल म्हणजे टेबलामागे बसून नोंदी करणारी व्यक्ती, असा आपला समज असतो. आईचं काम मी जवळून पाहिलं आहे. नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक द्यायचा. शिक्का पहिल्या पानावर, आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही, म्हणजे पहिलं पान कोणी फाडलं तरी पुस्तक ओळखता यावं. मागे तारखांची चिठ्ठी. पावसाळा लागला की खरी लढाई. भिंतींना ओल, कपाटांत कसर, बांधणीला बुरशी. पुस्तकं पंख्याखाली उभी उघडून ठेवायची, कडुलिंबाचा पाला बदलायचा, तळाचे खण रोज हाताने चाचपायचे, कारण वाळवी तिथूनच चढते. मार्चमध्ये सगळ्या संग्रहाची मोजदाद. त्या दिवसांत आमच्या घरी खिचडीच असायची. दिवाळीनंतर दिवाळी अंकांची योजना: एक अंक आणि त्यावर डोळा ठेवून बसलेले दहा वाचक. कोणाला आधी, कोणाला नंतर, हा न्याय ती फार कडकपणे करायची. ओळखीचं माणूस रांगेत पुढे आलं नाही ते नाहीच. यात मीही आलो.

शिवाय तिची एक वेगळी वही होती. कोणाला काय आवडतं, कोण काय मागून निराश होऊन गेलं, याची. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका आजोबांना फक्त बाबुराव अर्नाळकर हवे असत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या अर्नाळकरांची पुस्तकं आता सहज मिळत नाहीत. आईने रद्दीवाल्यांना सांगून ठेवलं होतं. "हे असलं काय वाचता?" असं ती कधीच कोणाला म्हणाली नाही, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर गप्पही बसली नाही. स्पर्धा परीक्षेची पोरं, रात्रपाळीचे वॉचमन, दुपारी चोरून तासभर येणाऱ्या गृहिणी: प्रत्येकासाठी तिने काहीतरी बाजूला काढून ठेवलेलं असे.

आपल्या भागाचा तिला फार अभिमान. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं, 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणाऱ्या वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं. ठाण्याला ते दाखवायला ती मला घेऊन गेली. संस्थापकांचं नाव तिने आदराने घेतलं आणि मग विचारलं, इतक्या वर्षांत ज्यांनी इथली पुस्तकं झाडली, बांधली, दिली-घेतली, त्यांची नावं कुठे आहेत? मला उत्तर देता आलं नाही.

तिचा पगार मी सांगत नाही. तुम्हाला खोटा वाटेल. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गानुसार अनुदान मिळतं. त्याच अनुदानात पुस्तकंही बसवायची, वीजबिलही आणि माणसांचे पगारही. त्यामुळे चौथीतल्या मुलाला पहिली गोष्ट हाती देणारी बाई आणि संशोधकाला संदर्भ काढून देणारी बाई, दोघींची कमाई घरखर्चाला पुरत नाही. लोक याला सेवा म्हणतात. आई म्हणायची, सेवा मी देवळात करते, इथे नोकरी करते.

ग्रंथालय सेवकांच्या वेतनश्रेणीसाठी निवेदनं जायची, तेव्हा मसुदा तिच्या अक्षरात असे. अक्षर टपोरं, एकही खाडाखोड नाही. काम सोडल्यावरही ती मार्चच्या मोजदादीला जायची आणि नव्या ग्रंथपाल मुलीला विचारायची, निवेदनाचं काय झालं?

2022 साली अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं, वेतनश्रेणीचं मात्र तसंच राहिलं. आई आता नाही. वाचकांची ती वही मी त्या मुलीला देऊन आलो; तिने त्यात पुढची नावं लिहायला घेतली आहेत. वेतनश्रेणीच्या निवेदनाची प्रतही त्याच वहीत होती. तिने ती बाहेर काढली आणि म्हणाली, हे पुन्हा पाठवायला लागेल. मी खाली बसलो, आणि आम्ही तारीख बदलून ते पुन्हा लिहून काढलं.