दिसणाऱ्याने करायचं काय?



आज मी 'ब्लाइंडनेस' या २००८ सालच्या चित्रपटाबद्दल बोलणार आहे. ब्राझीलचे दिग्दर्शक फर्नांडो मेइरेल्स यांनी तो पोर्तुगीज लेखक सारामागो यांच्या १९९५च्या कादंबरीवरून काढला. पाहताना त्रास होतो. तरी पाहा, कारण साथीत समाज नेमका कुठून फुटतो, हे त्यात दिसतं.

एका शहरात माणसांची दृष्टी अचानक जाऊ लागते. सरकार अशा लोकांना ओसाड मनोरुग्णालयात कोंडतं. बाहेर बंदूकधारी सैनिक, आत उपचार नाहीत. फक्त जेवणाचे खोके येतात. मग एका वॉर्डातला पिस्तूलवाला स्वतःला राजा म्हणवतो आणि सगळं अन्न ताब्यात घेतो. आधी दागिने-घड्याळं मागतो. ती संपल्यावर बायका मागतो. लक्षात घ्या, त्यालाही दिसत नाही. तोही तितकाच आजारी आहे. त्याचं राज्य चालतं, कारण अन्नाचा साठा आणि पिस्तूल त्याच्याकडे आहे. आपल्याला हे नवं नाही. चवदार तळ्याला पाणी भरपूर होतं, पण ते कुणी प्यायचं हे दुसरेच ठरवत होते. म्हणून १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला.

दुसरी गोष्ट घाणीची. चित्रपटात थोड्याच दिवसांत जिने, संडास, अंथरुणं घाणीने भरतात आणि प्रेक्षक म्हणतो, माणुसकी संपली. माझी आई एका नगरपालिकेत सफाई कामगार होती. २२ मार्च २०२० रोजी देशभर थाळ्या वाजल्या, त्या दिवशीही ती सकाळी झाडू घेऊन बाहेर होती. हातमोजे पुढे कित्येक आठवडे मिळाले नाहीत. आपल्या शहरांची अशी अवस्था होत नाही, कारण ती होऊ न देण्याचं काम जातीने काही घरांवर टाकलेलं आहे.

चित्रपटावर एक आक्षेपही आहे, आणि तो मला पटतो. अमेरिकेतल्या अंध व्यक्तींच्या राष्ट्रीय संघटनेने चित्रपटगृहांसमोर निदर्शनं केली. अंधत्व म्हणजे असहाय्यपणा आणि अधःपतन, असं चित्र का रंगवता, असा त्यांचा सवाल होता. ज्यांच्या जातीची नावं लोक शिवी म्हणून वापरतात, त्यांना तो लगेच कळावा.

आता मुख्य मुद्दा. त्या गर्दीत डॉक्टरच्या बायकोला एकटीलाच दिसत असतं. सुरुवातीला ती ते लपवते. दिसण्याचं तिला सुख नाही, कामच आहे. धुणं, पुसणं, वाट दाखवणं, मेलेल्यांना पुरणं. शेवटी त्या राजाला मारणंही तिच्याच वाट्याला येतं.

तुमच्यातले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहात. जातीच्या दाखल्यापासून इस्पितळाच्या कागदापर्यंत सगळं तुमच्याकडेच येतं. शहरात नोकरी लागली की आपल्याला काही दिसत नाही असं दाखवण्याचा मोह होतो. तो मी समजू शकतो. ओझं खरंच जड असतं.

पण सावित्रीमाईंना आठवा. १८९७च्या प्लेगमध्ये लोक पुणं सोडून जात होते, तेव्हा त्यांनी डॉक्टर मुलाला, यशवंतला, हडपसरजवळ दवाखाना काढायला लावला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणलं, असं सांगतात. १० मार्चला प्लेगनेच त्या गेल्या. त्याआधी जवळपास पन्नास वर्षं त्या इतरांना शिकवत होत्या. आपण एकटंच शिकलेलं राहायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चित्रपटातल्या त्या बाईला कुणाला दृष्टी देता येत नव्हती. तुम्हाला येते. वस्तीतल्या चार मुलामुलींना अर्ज भरायला शिकवा, रेशनचा हिशेब वाचायला शिकवा, माहिती अधिकाराचा कागद लिहायला शिकवा. पुढची साथ येईल तेव्हा खोके मोजणारे डोळे वस्तीत पुष्कळ हवेत.

जय भीम, जय सावित्री.