गुडघा बदलायचाय? रोबोटच्या आधी काय ठरतं ते ऐका

रत्नागिरीत हल्ली कुणाच्या आजीचा गुडघा बदलायचा निघाला की घरातल्या मोबाइलवाल्या नातवाला एक प्रश्न हमखास येतो: "मुंबईला रोबोटने करतात म्हणे. जास्तीचे पैसे द्यायचे का रे?" मला तो दोन-तीनदा आलाय. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. त्यामुळे करा की नको, ते मी सांगणार नाही. पण रोबोटच्या मागचं सॉफ्टवेअर काय करतं, ते सांगू शकतो.

थोडं मागे जाऊ. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला. त्यासाठी डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. पुढच्या वर्षी उजवा गुडघा. 'गुडघा बदलता येतो' हे आपल्याकडे कितीतरी घरांना तेव्हाच कळलं. त्या काळची नेहमीची रीत म्हणजे एक्स-रे फिल्मवर पारदर्शक साचे ठेवून माप बघायचं. संगणकावर आखणीही तोवर सुरू झाली होती. १९९२ मध्ये अमेरिकेत सॅक्रामेंटोला 'रोबोडॉक' नावाच्या यंत्राने खुब्याच्या ऑपरेशनमध्ये हाड कोरलं, तेही सीटी स्कॅनवर आधी ठरवलेल्या आराखड्याप्रमाणे.

आज सीटीवरून आखणी करतात तेव्हा खुबा, गुडघा आणि घोटा या तिन्ही जागांचे काप घेतात. सीटीत हाड पांढरं दिसतं, म्हणून सॉफ्टवेअर ते बाकीच्यातून वेगळं काढतं. गंमत अशी, की झिजलेल्या गुडघ्यात वरचं आणि खालचं हाड एकमेकांना टेकलेलं असतं. तिथे सॉफ्टवेअर अडखळतं आणि माणसाला कड हाताने दुरुस्त करावी लागते. मग हाडांवर खुणेचे बिंदू ठरतात. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेघ, हा पायाचा आस. सगळे काप या आसाच्या हिशेबाने ठरतात.

आता एक गणित, मला फार आवडलेलं. मांडीचं हाड ४० सेंटिमीटर धरा. खुब्याचा बिंदू ७ मिलिमीटर चुकला तर आस १ अंशाने फिरतो. पण गुडघ्याच्या दोन बाजूंचे उंचवटे जेमतेम ८ सेंटिमीटर अंतरावर. तिथे दीड मिलिमीटरच्या आतली चूकही तेवढाच १ अंश फिरवते! म्हणजे यंत्र कितीही अचूक कापू दे, बिंदू जिथे ठेवला तिथूनच ते मोजणार. रोबोट आराखडा पाळतो. आराखडा बरोबर आहे का, हे बघणं सर्जनचं काम.

आणि 'बरोबर' म्हणजे तरी काय? काहींचे पाय तरुणपणापासूनच थोडे धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतात. ते सरळ रेघेत आणायचे, की त्यांची मूळची ठेवण थोडी राखायची? यावर सर्जनमध्येच मतभेद आहेत. त्यातून सीटी आपण झोपून काढतो. उभं राहिल्यावर, अंगाचं वजन पडल्यावर पाय किती वाकतो, ते त्यात दिसत नाही. त्यासाठी उभं राहून काढलेला अख्ख्या पायाचा एक्स-रे लागतो. हा काढलाय का, एवढं विचाराच.

रोबोटने काप जास्त अचूक बसतात, हे अभ्यासांत दिसलंय. त्यामानाने चालणं किंवा पेशंटचं समाधान यांत फरक तेवढा ठळक दिसलेला नाही. पैशाचं म्हणाल तर, २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये, वर जीएसटी. पण ही मर्यादा सांध्याची. रोबोटचा आकार हॉस्पिटल वेगळा लावू शकतं. म्हणून बिल फोडून मागा: सांधा किती, रोबोट किती.

डॉक्टरांना आजीचा दिवसही सांगा. घर चढावर आहे, जांभ्याच्या पायऱ्या आहेत, जेवायला पाटावर बसते, संडास भारतीय पद्धतीचा आहे. मांडी घालणं, उकिडवं बसणं ऑपरेशननंतर बहुतेक डॉक्टर टाळायलाच सांगतात. कमोड बसवायचा तर आधी बसवा, आजी घरी आल्यावर गवंडी शोधत फिरू नका.

शेवटचं, आपल्या इथल्या लोकांसाठी. मुंबईला किंवा घाट चढून कोल्हापूरला जाताना आपण मोठ्या पाकिटातली फिल्म पिशवीत घालून नेतो. आखणीला ती फिल्म चालत नाही, काप असलेली मूळ डिजिटल फाइल लागते. सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. आणि सीटी इथे काढायच्या आधी तिकडे फोन करा. रोबोटच्या प्रत्येक सिस्टिमला स्कॅन ठरावीक पद्धतीनेच लागतो, काहींना तर सीटी लागतच नाही. नाहीतर दोनदा पैसे आणि दोनदा रेडिएशन.