स्वयंपाकघरातील बालमंदिर



वऱ्हाडातल्या श्रोत्यांपुढे बालशिक्षणाचा विषय मांडायचा, तर आधी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे स्मरण केले पाहिजे. विवाहानंतरची काही वर्षे त्यांनी अमरावतीत काढली. पुढे भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या सोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीचा अभ्यास केला, आणि १९२६ साली दोघांच्या प्रयत्नातून नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिले बालगृह काढले. लहान मूल हाताने शिकते, हा त्यांच्या शोधाचा गाभा होय. त्यासाठी त्यांनी साधने तयार केली. लहानापासून मोठ्यापर्यंत दहा लाकडी ठोकळ्यांचा मनोरा. आपापल्या खाचेतच बसणारे दहा दट्टे. बोट फिरवून ओळखायची काचकागदाची अक्षरे. दट्टा चुकीच्या खाचेत घातला, तर शेवटचा दट्टा उरतो किंवा बसतच नाही. “चुकलास” असे कोणी म्हणावे लागत नाही. साधनच ते सांगते.

हे ऐकून कोणी म्हणेल, एवढी साधने आम्ही आणावीत कोठून? हाच प्रश्न १९४५ साली बोर्डीस ताराबाईंपुढे आणि अनुताई वाघांपुढे उभा राहिला. आदिवासी वस्तीतील मुले शाळेपर्यंत येत ना. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महाग लाकडी साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे आले. तत्त्व तेच राहिले; केवळ साहित्य आपल्या मातीतले झाले.

तर मग, आपल्या मातीत काय आहे ते पाहू या. पातेल्यांची उतरंड हा आपला मनोरा नव्हे काय? सात पातेली एकात एक बसवताना मूल लहान-मोठ्याचा क्रम हाताने शिकते. डब्यांची झाकणे काढून परातीत ठेवा. ज्याचे त्याला बसवू द्या. चुकीचे झाकण बसणारच नाही. तूर, हरभरा आणि ज्वारी मिसळून तीन वाट्यांत निवडायला द्या. आणि कापूस! वऱ्हाडच्या घरात याहून सोयीचे साधन कोणते? बोंडातल्या कापसातून सरकी वेगळी करणे आणि आजीजवळ बसून वात वळणे, यात अंगठा आणि दोन बोटे जे वळण शिकतात, तेच पुढे लेखणी धरण्यास उपयोगी पडते. मोसमात संत्र्याची साल सोलून फोडी मोजून वाटणे, हा अंकगणिताचा पहिला पाठ होय.

शब्द देण्याची रीतही सोपी आहे. दोन पातेली पुढे ठेवून म्हणावे, “हे मोठे, हे लहान.” मग, “मोठे दाखव.” शेवटी एकावर बोट ठेवून, “हे कसे?” तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर मुलाला रागे भरू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा. एका वेळी एकच गुण शिकवावा. आकार शिकवताना रंगाचा घोळ घालू नये. मात्र चिंचोके, सरकी, हरभरे ही मुले नाकातोंडात घालतात. म्हणून हे खेळ मोठ्या माणसाच्या नजरेखालीच व्हावेत, आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती ते देऊच नयेत.

साधनांची वाण नाही, हे तर झाले. वाण आहे ती आपल्या धीराची. मूल गडू उचलून पेल्यात पाणी ओतू लागले, की घरातून आवाज येतो, “राहू दे बाप्पा, सांडशीन!” सदऱ्याच्या गुंड्या लावायला त्याला पाच मिनिटे लागतात, आपण त्या क्षणात लावून मोकळे होतो. आपली चार मिनिटे वाचतात. पण “मला हे जमते” ही त्याची भावना त्या चार मिनिटांत जाते. आणि गंमत अशी, की ज्या हाताला आपण घोटभर पाणी ओतू देत नाही, त्याच हातात साडेतीन वर्षांचा असताना पेन्सिल देऊन ओळीच्या ओळी गिरवून घेतो. पाया खणू द्यायचा नाही आणि माडी लवकर चढवायची, असा हा व्यवहार आहे. सांडलेले पाणी पुसायला एक फडके त्याच्या हाताला लागेल असे ठेवा. पुसणे हाही पाठच आहे.

एक शंका रास्त आहे. ज्या घरची माय सकाळीच कापूस वेचायला जाते, तिने हे केव्हा करावे? त्या घराला हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. तिच्या मुलासाठी अंगणवाडी आहे; २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेत ती आली. तेथे मुलाच्या हाती खिचडीबरोबर काम करण्याची साधनेही पडतात की नाही, हे पाहणे मात्र आपणा शहरवासीयांचे कर्तव्य आहे. आपल्या मोहल्ल्यातली अंगणवाडी आपल्यापैकी किती जणांनी आत जाऊन पाहिली आहे? धुतलेली सरकी, चिंचोके, जुने डबे, कापडाच्या चिंध्या हे द्यायला वर्गणी लागत नाही.

उद्या सकाळी घरी एकच गोष्ट करून पाहावी. मुलाला एक काम द्यावे, ते एकदा सावकाश करून दाखवावे, आणि नंतर आपले हात मागे बांधून बसावे. हे अवघड आहे. पण शिक्षण मुलाचे जितके, तितकेच ते आपलेही आहे.